व्हिडिओत सगळं कळतं, मग पेपरात अडतं कुठं?

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी दहावीत, राज्य मंडळ, मराठी माध्यम. क्लास परवडत नाही म्हणून मोबाइलवर गणित-विज्ञानाचे व्हिडिओ बघते, रोज दोन-अडीच तास. विचारलं की म्हणते, "समजलं पप्पा सगळं." आणि सहामाहीला बीजगणितात 40 पैकी 17, विज्ञान भाग 1 मध्ये 21. घरात फोन एकच, तो दिवसभर वडिलांकडे. सात वाजता ते घरी आले की तिच्या हातात. त्यांना दोन गोष्टी विचारायच्यात: कुठला चॅनेल चांगला, आणि पैसे भरून अ‍ॅप घ्यावं का?

मी चोवीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. टाळेबंदीत शाळा बंद होत्या तेव्हा मी स्वतः शंभरावर व्हिडिओ केले. स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर पांढरा कागद चिकटवून, फोन बरणीला टेकवून. त्यामुळं व्हिडिओ करणारी आणि तो बघून आलेल्या मुलांचे पेपर तपासणारी, दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

पहिलं सांगते, मुलगी खोटं बोलत नाहीये. तिला खरंच समजलेलं असतं. चांगला शिक्षक समोर गणित सोडवतो तेव्हा प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून इतकी सहज निघते की शंका यायला फटच राहत नाही. पण "ही पायरी बरोबर आहे" हे ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर "आता कुठली पायरी?" हे स्वतःला सुचणं वेगळं. माझ्या घरात मी बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत रोज आईला भाकरी थापताना बघत होते. पहिल्यांदा परातीपुढं स्वतः बसले तेव्हा पीठ उलटून तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे तीन तुकडे. बघण्यात काही कमी पडलं नव्हतं हो.

यावर 2018 मध्ये मायकेल कार्डस आणि एड ओ'ब्रायन या संशोधकांनी प्रयोग केले होते. डार्ट फेकणं वगैरे कसब व्हिडिओवर काहींना एकदा दाखवलं, काहींना वीसवीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांना वाटलं आपल्याला आता चांगलं जमेल. प्रत्यक्ष करायला लावल्यावर जमलं एकदा बघणाऱ्यांइतकंच. बघून वाढला तो फक्त भरवसा. तुमच्या मुलीचे दोन-अडीच तास बहुतेक तिथंच खर्च होताहेत.

आता माझीच फजिती सांगते, म्हणजे नेमकं कुठं निसटतं ते दिसेल. वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीनं सोडवण्यावर मी एक व्हिडिओ केला होता. क्ष² + 8क्ष − 48 = 0. "48 उजवीकडे न्या, 8 चं निम्मं 4, 4 चा वर्ग 16, दोन्ही बाजूंना 16 मिळवा, (क्ष + 4)² = 64, म्हणून क्ष = 4 किंवा −12." अकरा मिनिटांत चार उदाहरणं. मुलांनी ग्रुपवर जोडलेले हात, अंगठे-बिंगठे टाकले, मीही खूश. शाळा सुरू झाल्यावर आकडे बदलून तसलंच उदाहरण दिलं, बहुतेकांनी सोडवलं. मग 2क्ष² + 9क्ष + 10 = 0 दिलं. अर्ध्याहून अधिक वर्गानं सरळ 9 चं निम्मं केलं. आधी 2 नं भागायला हवं हे हाताच्या बोटावर मोजण्याइतक्यांना सुचलं. एका हुशार मुलाला मी विचारलं, "निम्मंच का रे करायचं? तिसरा भाग का नाही?" तो म्हणाला, "बाई, तुम्ही तसंच सांगितलंय." चूक माझी होती. व्हिडिओ इतका गुळगुळीत केला होता की "का?" ला जागाच ठेवली नव्हती.

त्या दिवशी मी जुन्या लग्नपत्रिका मागवल्या. जाड पुठ्ठ्याचा एक चौरस कापायचा, बाजू क्ष. म्हणजे क्षेत्रफळ क्ष². मग 8क्ष ची एक पट्टी कापायची, लांबी क्ष, रुंदी 8. आता ही पट्टी चौरसाला अशी जोडायची आहे की पुन्हा चौरसच व्हावा. एका बाजूला अख्खी लावली तर आयत होतो. म्हणून ती उभी चिरून 4 रुंदीच्या दोन करायच्या, एक उजवीकडे, एक खाली. निम्मं इथून आलं! आणि आता खालच्या उजव्या कोपऱ्यात एक भोक राहतं, 4 गुणिले 4 चं. ते बुजवायला लागतात 16. मूळचे 48 आणि हे 16 मिळून 64, म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू 8, त्यातून 4 वजा, क्ष = 4. मग एका मुलीनं विचारलं, "बाई, −12 पुठ्ठ्यात कुठाय?" नाहीच तो. ऋण लांबीचा पुठ्ठा कापता येत नाही, तिथं बीजगणित पुठ्ठ्याच्या पुढं जातं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीनं क्ष² + 10क्ष = 39 असंच चौरस जोडून सोडवलं, आणि त्यालाही धन उत्तर एकच मिळालं. हे पोरांना सांगितलं की त्यांना बरं वाटतं.

हाच पुठ्ठा मी व्हिडिओत दाखवला असता तर काम झालं असतं? थोडं झालं असतं. पण भोक बुजवायला 16 लागतात हे ज्यानं कात्रीनं कापलं त्याला जसं लक्षात राहिलं तसं बघणाऱ्याला राहिलं नसतं.

म्हणून चॅनेलच्या आधी एक काम करा. सहामाहीचा बीजगणिताचा पेपर घरी असेल तर तो मुलीसोबत बसून उलगडा. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल. गेलेल्या 23 गुणांपुढं तिला खूण करायला सांगा: हे उदाहरण सुरूच करता आलं नाही, की सुरू केलं आणि मध्येच अडलं, की रीत बरोबर पण आकडेमोड चुकली. तिन्हींचा इलाज वेगळा. सुरूच करता आलं नाही असं जास्त असेल तर आपण बोलतोय तोच आजार, बघणं जास्त, करणं कमी. आकडेमोड चुकत असेल, विशेषतः अपूर्णांक आणि ऋण चिन्हं, तर दहावीचा कुठलाही व्हिडिओ तिला उपयोगाचा नाही. तिला सातवी-आठवीच्या पुस्तकातली उदाहरणं महिनाभर करायला लागतील. मुलांना याची लाज वाटते. सांगा की माझ्या वर्गात दरवर्षी सात-आठ जण गुपचूप आठवीचं पुस्तक घेऊन बसतात, आणि मीच बसवते.

विज्ञानाचं थोडं निराळं आहे. तिथं मुलांच्या डोक्यात आधीच एक समज पक्की बसलेली असते आणि व्हिडिओ तिच्या वरून निघून जातो. भिंगांच्या धड्याचं उदाहरण घ्या. बहिर्वक्र भिंगानं भिंतीवर मेणबत्तीची उलटी प्रतिमा मिळते, किरणाकृती काढता येते, चिन्ह संकेत पाठ असतात. आता विचारा, भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकला तर भिंतीवर काय दिसेल? दरवर्षी बहुतेक वर्ग ठामपणे सांगतो, अर्धी मेणबत्ती. कुठली अर्धी, वरची की खालची, यावर दोन गट पडून भांडतात. मग खिडक्या लावून मी प्रत्यक्ष दाखवते. मेणबत्ती पूर्ण दिसते, फक्त अंधूक. कारण ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सगळ्या भागावर पडतात. अर्धं झाकलं तर प्रत्येक बिंदूचे किरण कमी झाले, बिंदू कुणाचाच गेला नाही. आकृतीत आपण दोनच किरण काढतो, त्यामुळं मुलांना वाटतं दोनच असतात.

डेरेक म्युलर नावाच्या माणसानं सिडनी विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवरच पीएचडी केली, 2008 मध्ये. पुढं तो व्हेरिटॅसियम या चॅनेलमुळं जगभर माहीत झाला. त्यानं काही विद्यार्थ्यांना सरळ, स्वच्छ समजावणारा व्हिडिओ दाखवला, तर काहींना असा की ज्यात एक जण नेहमीची चुकीची समजूत बोलून दाखवतो आणि मग ती तपासली जाते. पहिल्या गटानं सांगितलं, फार स्पष्ट होतं. पण नंतरच्या चाचणीत त्यांची फारशी प्रगती दिसली नाही. दुसऱ्या गटाला व्हिडिओ गोंधळाचा वाटला, डोकं जास्त लागलं, आणि शिकले तेच जास्त. तेव्हा मुलगी एखादा व्हिडिओ बघून "हे सर किती सोप्पं करून सांगतात" असं म्हणाली, तर मी जरा सावध होते.

मग व्हिडिओ बघायचेच नाहीत का? असं मी म्हणणार नाही. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात मुक्त पतन येतं. हवा नसेल तर जड आणि हलकी वस्तू एकदमच खाली पडतात हे मी फळ्यावर कितीही वेळा लिहिलं तरी मागच्या बाकावरच्या चेहऱ्यांवर "असूच शकत नाही" स्पष्ट वाचता येतं. 1971 मध्ये अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं. मिनिटभराचं ते चित्रण दाखवलं की वर्ग गप्प होतो. पेशीविभाजन, भिंगापुढं वस्तू सरकवत नेली की प्रतिमा कशी पळते, विद्युत मंडल, ही कामं व्हिडिओची किंवा त्याहून चांगलं म्हणजे सिम्युलेशनची, पडद्यावर स्वतः करून बघायच्या प्रयोगांची. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची फुकट सिम्युलेशन्स आहेत, त्यातली बरीच मराठीत मिळतात. तिथं वायर मुलीनं स्वतः जोडायची असते, ती चुकली तर दिवा लागत नाही. आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या ज्या छोट्या फिल्म केल्या, त्या बघून पोरं उठून खराटा-बाटली-रबर शोधायला लागतात. मला व्हिडिओकडून एवढंच हवं असतं.

आता बघायची रीत. माझ्या वर्गात मी ही लावलीय, आणि मुलं पहिला आठवडाभर कुरकुरतात हेही आधीच सांगून ठेवते.

व्हिडिओ सुरू करण्याआधी त्या प्रकारचं एक उदाहरण पुस्तकातून वहीत उतरवायचं आणि दहा मिनिटं स्वतः झगडायचं. सुटलं नाही तरी हरकत नाही. कुठं अडलं त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारायची. मग व्हिडिओ. सरांनी किंवा मॅडमनी उदाहरण फळ्यावर लिहिलं की लगेच थांबवायचा. पुढची पायरी आपण लिहायची, मग सुरू करून ताडून बघायचं. विज्ञानात "आता काय होईल?" चं उत्तर आधी वहीत, मग प्ले. असं केलं की पंधरा मिनिटांच्या व्हिडिओला चाळीस मिनिटं लागतात. लागू देत. दिवसाला एकच होईल. तुमच्या मुलीचे आत्ता रोजचे पाच-सहा होत असतील, त्यापेक्षा हा एक बरा.

व्हिडिओ संपला की फोन पालथा ठेवायचा आणि तेच उदाहरण कोऱ्या पानावर, न बघता, पुन्हा. इथं रडू येतं. पाच मिनिटांपूर्वी बघितलेलं आठवत नाही म्हणून मुलं घाबरतात आणि परत व्हिडिओ लावतात. लावू नका म्हणावं, दोन मिनिटं आठवू दे. रोडिगर आणि कार्पिके यांचा 2006 चा एक प्रयोग मी पालकसभेत नेहमी सांगते. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढं. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढं. तुम्ही मुलीला "समजलं का?" विचारता ते पाच मिनिटांनी. बोर्डाचा पेपर आठवड्यानंच काय, महिन्यांनी असतो.

तिसऱ्या दिवशी आणि मग रविवारी त्याच प्रकारचं एकेक उदाहरण, पण इतर प्रकरणांतल्या उदाहरणांत मिसळून. हे मिसळणं महत्त्वाचं आहे. वर्गसमीकरणाचा व्हिडिओ बघून वर्गसमीकरणाचं गणित सोडवताना कुठली रीत लावायची हे शीर्षकानंच सांगितलेलं असतं. पेपरात शीर्षक नसतं.

तुम्ही काय करायचं? तुम्ही म्हणाल मी नववी नापास. उलट चांगलं. जेवण झालं की वही हातात घ्या आणि कुठल्याही ओळीवर बोट ठेवून विचारा, "इथून इथं कसं आलं गं?" तिला तुम्हाला समजावता आलं तर तिला येतं. "ते तसंच असतं पप्पा" असं उत्तर आलं तर तिथं खूण करा, दुसऱ्या दिवशी ती ओळ शाळेत बाईंना विचारायची. शाळेतले शिक्षक एवढा नेमका प्रश्न घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवत नाहीत.

आता चॅनेल. नाव सांगत नाही, कारण मुलीला ज्याचा आवाज आवडतो तोच ती बघणार. पण काही गोष्टी तपासा. पहिली, भाषा आणि अभ्यासक्रम. गणिताचे बरेचसे गाजलेले व्हिडिओ हिंदीत आणि सीबीएसईसाठी असतात. मराठी माध्यमाच्या मुलीला तिथं वर्गसमीकरण हे "द्विघात समीकरण", अवयव हे "गुणनखंड", अंकगणिती श्रेढी ही "समांतर श्रेढ़ी", संभाव्यता ही "प्रायिकता" आणि बहिर्वक्र भिंग हे "उत्तल लेंस" म्हणून भेटतं. व्हिडिओ कळतो, आणि पेपरातला प्रश्न परका वाटतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं सहामाहीत वर्गसमीकरणाचा विवेचक (b² − 4ac ही राशी) काढायला सांगितल्यावर तो प्रश्नच सोडून दिला. पाठोपाठच्या उदाहरणात मात्र तीच राशी काढून सूत्र पद्धतीनं मुळं बरोबर काढली होती! नाव माहीत नव्हतं. हिंदी व्हिडिओ बघायचाच असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करून शब्दांच्या जोड्या लिहीत जायला सांगा.

शिवाय धडेही जुळत नाहीत. आपल्या बीजगणितात क्रेमरची पद्धत आहे, अर्थनियोजनात जीएसटी आणि शेअर्स आहेत. सीबीएसईच्या दहावीत हे नाही. आपल्याकडं गुरुत्वाकर्षण दहावीला, त्यांच्या दहावीत तेही नाही. म्हणून आधी बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून बघा. त्यातून उघडणाऱ्या दीक्षा या सरकारी अ‍ॅपवर जे मिळतं ते कधी साधं, कधी कंटाळवाणं असतं, पण शब्द आणि धडा आपला असतो.

दुसरी गोष्ट, सांगणारा माणूस कधी थांबून "तुम्ही करून बघा" म्हणतो का, कधी चुकीचं उत्तर घेऊन ते का चुकलं हे दाखवतो का. तिसरी, "शॉर्ट ट्रिक" हा शब्द वारंवार येत असेल तर तो चॅनेल दहावीसाठी नको. बोर्डाला पायऱ्यांना गुण असतात.

पैसे भरून अ‍ॅप? आत्ता तरी घेऊ नका. वर सांगितलेल्या रीतीनं फुकटच्या व्हिडिओंवर तीन आठवडे काढा. तेवढ्यात सवय लागली नाही तर पैशाचं अ‍ॅपही तसंच बघितलं जाईल, फक्त हप्ता जास्तीचा. हप्ता म्हणते कारण माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी माणूस येऊन टॅब दाखवून सही घेऊन गेला. ती सही वर्गणीची नव्हती, कर्जाची होती. मुलीनं दोन महिन्यांत टॅबवर गाणी ऐकायला सुरुवात केली आणि बाप दोन वर्षं भरत बसला. घ्यायचंच ठरलं तर महिन्याचं घ्या, वर्षाचं नको, आणि घेण्याआधी बघा की अ‍ॅप मुलीकडून काही सोडवून घेतं का, की नुसतं दाखवतं. मुलगी पुढं अभियांत्रिकी-वैद्यकीयच्या प्रवेश परीक्षेचं म्हणत असेल तर गणित थोडं बदलतं, तेव्हा मार्गदर्शन विकत घ्यावं लागू शकतं. पण तेही दहावीनंतर, बीजगणितात 17 असताना नाही.

शेवटी फोन एकच असण्याबद्दल. तुम्ही ते अडचण म्हणून लिहिलंय. मला ते वाचून हायसं वाटलं. तुमची मुलगी शाळेतून येते साडेपाचला, फोन येतो सातला. मधला दीड तास तिच्याकडे पुस्तक, वही आणि पेन्सिल एवढंच आहे. तो दीड तास झगडायचा. सातला तुम्ही दारात आलात की तिच्या वहीत पेन्सिलीच्या दोन-तीन रेघा असायला हव्यात: इथं अडलं, इथं अडलं. रेघ असेल तर फोन द्या, आणि त्या रेघेपुरताच व्हिडिओ. रेघ नसेल तर आधी चहा घ्या निवांत, फोन तुमच्याच खिशात राहू द्या.